सर्व्हर शेवटी घ्या

विचारणारे डॉक्टर मुंबईत न्यूरॉलॉजीचे लेक्चरर आहेत. त्यांचं हॉस्पिटल आणि आणखी दोन अशा तिघांकडे मिळून स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सनच्या पेशंटचे, शिवाय काही निरोगी माणसांचे असे ३०० एमआरआय जमले आहेत. दोन वर्षांत आणखी तितकेच होतील. ते एकत्र करून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतील असा डेटाबेस त्यांना उभा करायचा आहे. सर्व्हर कुठला घ्यावा, सॉफ्टवेअर कुठलं वापरावं आणि सुरुवात कुठून करावी, हा त्यांचा प्रश्न.

मी या शहरात वीसेक वर्षं हेच करते आहे. स्कॅन होऊन पेशंट घरी गेला की मागे जे उरतं ते सांभाळायचं. सर्व्हरचं आधी उरकून टाकते. एका माणसाचा तासाभराचा रिसर्च स्कॅन, त्यात मेंदूची रचना दाखवणारा साधा टी-वन, फ्लेअर आणि डिफ्युजन हे आणखी दोन प्रकार, आणि मेंदूचं काम टिपणारा दहाएक मिनिटांचा फंक्शनल धरला, तर झिप करून साधारण एक जीबीच्या आसपास बसतो. ६०० माणसांचे ६०० जीबी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एका बऱ्यापैकी हार्ड डिस्कमध्ये हे मावतं आणि वर जागा उरते. तीन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या हॉस्पिटलात, आणि एक कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, क्लाउडवर. तिन्ही एकाच इमारतीत नकोत. झालं सर्व्हरचं. उरलेली ग्रँट माणसावर खर्च करा, त्या माणसाबद्दल शेवटी लिहिते.

मी नवीन होते तेव्हा एका ठिकाणी रिसर्चच्या सीडी तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचे. नावं काढून नुसते क्रमांक घातलेल्या, अगदी शिस्तीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर आम्ही खोली उघडली तर फिल्मा एकमेकींना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. सीडी मात्र नळाखाली धरल्या, पुसल्या आणि त्यातल्या बहुतेक चालल्या. पण कुठला क्रमांक कोणाचा, कोण पेशंट आणि कोण निरोगी, हे ज्या वहीत लिहिलं होतं तिची शाई पार विरघळली होती. इतके सगळे मेंदू हातात, आणि एकाबद्दलही काही सांगता येईना. त्या सीडी पुढे कोणीतरी भंगारात दिल्या.

तेव्हापासून मला डेटाबेस म्हणजे ती वही वाटते. चित्रं मशीन काढतंच, वही मात्र कोणीतरी लिहावी लागते. आणि ती अशा वाचकासाठी लिहावी लागते, जो तुम्हाला ओळखत नाही, फोन करू शकत नाही, आणि कदाचित तुम्ही निवृत्त झाल्यावर ती उघडणार आहे.

आता त्या वहीत काय काय लागतं, ते जसं सुचेल तसं सांगते.

आधी मशीन. एका प्रोजेक्टमध्ये दर सहा महिन्यांनी त्याच माणसांचे स्कॅन व्हायचे. तिसऱ्या फेरीत सगळ्यांचं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, एकदम जाड निघालं, पेशंटचंही आणि निरोगी माणसांचंही. औषधाचा गुण म्हणावा तर निरोगी लोक औषध घेतच नव्हते. दोन आठवडे डोकं खाजवल्यावर रात्रपाळीचा टेक्निशियन चहा पिता पिता सहज म्हणाला, ‘मॅडम, गणपतीच्या सुट्टीत कंपनीचा इंजिनिअर येऊन नवीन सॉफ्टवेअर टाकून गेला की.’ खरं तर मशीन स्कॅन ज्या डायकॉम फाइलींत देतं, त्यांतल्या प्रत्येकीच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, सॉफ्टवेअरची आवृत्ती आपोआप लिहिलेली असते. पण आम्ही नावं काढण्याच्या उत्साहात सगळं हेडरच पुसून टाकलं होतं.

ही चूक सगळीकडे होते, म्हणून यावर थोडं थांबते. हेडरमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख, रजिस्ट्रेशन नंबर हे असतं, आणि ते गेलंच पाहिजे. शिवाय ते भलत्या ठिकाणीही लपलेलं असतं: कोणीतरी कॉमेंटच्या रकान्यात ‘पाटील काका, दुसरा प्रयत्न’ असं लिहिलेलं असतं, किंवा स्कॅनसोबत रिपोर्टचा फोटो जोडलेला असतो आणि नाव चित्रातच छापलेलं असतं. पण त्याच हेडरमध्ये कॉइल, म्हणजे डोक्याभोवती बसवायचा सिग्नल पकडणारा भाग, कुठली होती, सॉफ्टवेअर कुठलं होतं हेही असतं. डिफ्युजनच्या दिशा आणि स्लाइस कुठल्या क्रमानं घेतल्या, हे काही कंपन्यांच्या मशीनमध्ये तर त्यांच्या खासगी रकान्यांत दडलेलं असतं. ते पुसलंत की स्कॅन अर्धा मेला. तेव्हा पुसण्याआधी काय ठेवायचं याची यादी करा. तारखा उडवू नका, सरकवा. प्रत्येक माणसाला एक गुप्त आकडा द्या आणि त्याच्या सगळ्या तारखा तेवढ्या दिवसांनी मागे न्या, म्हणजे दोन स्कॅनमधलं अंतर शाबूत राहतं. मात्र तारखा सरकल्या की अपग्रेडची खरी तारीख बाहेरच्याला जुळवता येत नाही. म्हणून प्रत्येक स्कॅनपुढे ‘अपग्रेडआधी’ किंवा ‘अपग्रेडनंतर’ असा रकाना वेगळा ठेवा. आणि मूळ डायकॉम कधीच फेकू नका, ते आतल्या कपाटात कुलपात राहू द्या.

डावं-उजवं हा दुसरा घोळ. रेडिओलॉजिस्ट चित्र बघतात तेव्हा पेशंटची उजवी बाजू त्यांच्या डाव्या हाताला असते. संशोधनातल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये उलट. फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात जाताना मेंदू आरशातला झाला तरी बघून पटकन कळत नाही, कारण दोन्ही अर्धगोल दिसायला जवळपास सारखेच. पार्किन्सन तर सहसा एका बाजूनं सुरू होतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ही चूक थेट निष्कर्षच फिरवेल. यावर जुना आणि फुकटातला उपाय आहे: स्कॅनच्या आधी उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटपट्टीनं लावायची. आत तेल असतं, ते चित्रात पांढरं ठिपक्यासारखं उठून दिसतं. पेशंटला आधी सांगा मात्र. एक आजोबा ती कॅप्सूल काढून गिळून आले होते.

फाइलींची नावं आणि फोल्डरची मांडणी स्वतः शोधून काढू नका. २०१६ मध्ये बिड्स नावाची पद्धत जाहीर झाली, ती आज जगभर चालते. कुठल्या फोल्डरमध्ये काय, फाइलच्या नावात माणसाचा क्रमांक आणि भेटीचा क्रमांक कसा लिहायचा, सोबतच्या माहितीच्या फाइलीत काय हवं, हे सगळं तिच्यात ठरलेलं आहे. डायकॉममधून रूपांतर करणारी आणि मांडणी तपासून चुका दाखवणारी साधनं मोफत मिळतात. आठवडाभर शिकायला लागेल. स्वतःची पद्धत काढलीत तर दोन वर्षांनी तुम्हालाच ती आठवणार नाही.

चेहऱ्याचा प्रश्न अनेकांच्या लक्षात येत नाही. डोक्याच्या टी-वन स्कॅनमध्ये नाक, ओठ, कपाळ सगळं असतं आणि त्यावरून चेहरा उभा करता येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या बाबतीत हे करून पाहिलं. बाजारात मिळणाऱ्या चेहरा ओळखण्याच्या सॉफ्टवेअरनं ७० जणांचा स्कॅन त्यांच्या फोटोशी बरोबर जुळवला. म्हणून बाहेर देण्याआधी चेहरा कापायचा, ज्याला डिफेसिंग म्हणतात. ते मशीनवर सोडून मोकळं होऊ नका. ज्यांचा मेंदू आक्रसलेला आहे अशा वृद्धांमध्ये ही साधनं कधी कधी मेंदूचाच पुढचा तुकडा घेऊन जातात, आणि तुमच्याकडे तर असेच पेशंट आहेत. प्रत्येक स्कॅन डोळ्यांनी बघायचा. ६०० म्हणजे काही फार नाहीत. दोघांनी मिळून आठवडाभरात होतात.

आता फॉर्म, म्हणजे प्रत्येक माणसाची माहिती भरायचा. मला विचाराल तर खरी मेहनत इथे आहे, आणि परदेशातला तयार फॉर्म इथे जसाच्या तसा चालत नाही. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात ‘शिक्षणाची वर्षं’ हा रकाना जीव की प्राण असतो, कारण चाचणीतले गुण शिक्षणावर बरेच अवलंबून असतात. समोर ८० वर्षांच्या आजी. ‘किती शिकलात?’ ‘सातवी फायनल.’ शेजारचे आजोबा म्हणतात, ‘मॅट्रिक.’ ही जुनी मॅट्रिक, म्हणजे अकरावी. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं मॅट्रिक म्हणजे दहावी समजून १० लिहिलं. तिसरे म्हणतात, ‘शाळेत गेलो नाही, पण गिरणीत हिशेब बघायचो.’ तिथे शून्य लिहिलंत तर आकडा बरोबर, पण माणूस निसटला. म्हणून दोन रकाने करा: एकात त्यांचेच शब्द जसेच्या तसे आणि दुसऱ्यात वर्षं. तीन हॉस्पिटलांत वर्षं मोजायचा एकच तक्ता लागेल, तो आधी करा.

जन्मतारीखही तशीच. वृद्ध पेशंटच्या केसपेपरवर १ जानेवारी किंवा १ जून दिसली की समजायचं, ही शाळेत नाव घालताना मास्तरांनी बसवलेली आहे. मी सरळ विचारते, ‘आजी, लग्न झालं तेव्हा केवढ्या होतात? भारत स्वतंत्र झाला तेव्हा चालता येत होतं का?’ वय दोन-चार वर्षांनी हलतं. मग ‘वय अंदाजे’ असा रकाना ठेवायचा. मेंदू वयाबरोबर आक्रसतो हेच मोजायचं असेल, तर वय कितपत खरं हे वाचणाऱ्याला कळायला नको?

हात कोणता, हे विचारायला जगभर एडिंबराची १९७१ सालची प्रश्नावली वापरतात. त्यात चमचा कोणत्या हातात धरता, असा प्रश्न आहे. आपल्याकडे डाव्या हातानं जेवणाऱ्या मुलाला आजीनं कधीच सरळ केलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला मास्तरांनी. त्यामुळे जेवणं आणि लिहिणं या दोन्हींवर विसंबू नका. काडेपेटीची काडी कोणत्या हातानं ओढता, सुईत दोरा कोणत्या हातानं ओवता, दगड कोणत्या हातानं भिरकावता, हे विचारा. ‘लहानपणी हात बदलायला लावला का?’ हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये एका शिपायाच्या सूचनेवरून आला. तो स्वतः तसाच बदललेला डावखुरा होता.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट: तारखा एक्सेलमध्ये टाकू नका, निदान टाइप केल्यावर तपासा. ५ जुलै लिहिलं की एखाद्या कॉम्प्युटरवर ७ मे होतं आणि १२ च्या पुढच्या तारखा तशाच राहतात, त्यामुळे चूक अर्धीच दिसते. रेडकॅपसारखं फॉर्मचं साधन संशोधन संस्थांना मोफत मिळतं, ते घ्या.

संमतीपत्राकडे वळते, कारण तुमच्या ३०० जुन्या स्कॅनचं भवितव्य त्यावर आहे. घरी जाऊन आधी एवढंच करा: जुनं संमतीपत्र काढा आणि त्यात ‘ही माहिती फक्त आमच्या टीमपुरती राहील’ असं वाक्य आहे का बघा. बहुतेक असतं. एथिक्स कमिटीला बरं वाटावं म्हणून ते कोणीतरी घातलेलं असतं. ते असेल तर ते स्कॅन बाहेर देता येणार नाहीत. नावं काढली, चेहरे कापले तरी शब्द दिला तो दिला. कमिटीकडे जाऊन जमेल त्यांना पुन्हा विचारण्याची परवानगी घ्या. जे मिळणार नाहीत त्यांचं काय, हे कमिटी ठरवेल, आपण नाही.

नव्या संमतीपत्रात ‘पुढील संशोधनासाठी, इतर संस्थांना, नाव न देता’ हे मराठीत, हिंदीत आणि लोकांना समजेल असं लिहायचं. आमच्याकडे चिपळूणकडच्या एक मावशी आल्या होत्या. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे माझ्या डोक्याचा फोटो परदेशात जाणार?’ जाऊ शकतो म्हटलं, नाव जाणार नाही. ‘नाव नाही ना? मग त्यांना त्यात काही वाईट दिसलं, तर ते मला शोधणार कसे?’

मला उत्तर देता आलं नाही. फॉर्ममध्ये त्याला उत्तरच नव्हतं. नाव पक्कं पुसलं तर परत सांगता येत नाही, आणि सांगायचं ठरवलं तर नाव पक्कं पुसता येत नाही. आम्ही नंतर जे ठरवलं ते असं: रिसर्चचा प्रत्येक स्कॅन आपल्याच रेडिओलॉजिस्टनं आठवड्याच्या आत एकदा नजरेखालून घालायचा आणि गंभीर काही दिसलं तर तेव्हाच कळवायचं. बाहेर गेल्यावर कोणी काही कळवेल असं वचन द्यायचं नाही, आणि हे फॉर्ममध्ये साफ लिहायचं. ब्रिटनच्या यूके बायोबँक या मोठ्या आरोग्य-डेटाबेसमध्ये स्कॅन करणाऱ्या रेडिओग्राफरला काही गंभीर वाटलं तरच ते रेडिओलॉजिस्टकडे जातं; प्रत्येक स्कॅन तपासत नाहीत. लाखभर माणसांचे स्कॅन करायचे म्हटल्यावर त्यांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे आकडा लहान आहे, आपण बघू शकतो. मावशींनी सही केली, पण ‘आधी तुमचे डॉक्टर बघणार, मग बाकीचे’ हे दोनदा वदवून घेतलं.

कायद्याचं थोडक्यात. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नीतिमार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात साठवलेल्या डेटावर स्वतंत्र भाग आहे. तो कमिटीसमोर जाण्याआधी वाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटींसह: त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले नियम पाळायचे. परदेशी संस्थेबरोबर भागीदारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचा टप्पा येतो, त्याला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा.

आता तीन मशीनचा तिढा. एकच माणूस तीन ठिकाणी स्कॅन केला तर तीन वेगवेगळे आकडे येतात. हा फरक काढायला आकडेशास्त्रातल्या पद्धती आहेत. कॉम्बॅट ही सर्वांत चालणारी. ती मुळात जनुकांच्या अभ्यासासाठी २००७ मध्ये निघाली आणि दहा वर्षांनी मेंदूच्या चित्रांकडे आली. पण कुठलीही पद्धत एका गोष्टीपुढे हात टेकते. तुमच्या पत्रात मला एक ओळ खटकली: निरोगी माणसं ‘मुख्यतः तिसऱ्या हॉस्पिटलमध्ये’ केली आहेत. तसं असेल तर जो फरक दिसेल तो रोगाचा की मशीनचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कॉम्बॅट लावलंत तर मशीनबरोबर रोगही धुऊन निघेल. उरलेल्या ३०० मध्ये प्रत्येक ठिकाणी पेशंट आणि निरोगी दोन्ही घ्या, वय आणि शिक्षण जुळवून. निरोगी माणसं मिळत नाहीत ही तक्रार मला ठाऊक आहे. पेशंटबरोबर आलेली नवरा-बायको ही आमची सगळ्यात मोठी खाण. वय जवळपास तेच, घरचं खाणं तेच, आणि ओपीडीबाहेर तीन तास बसलेलेच असतात.

त्याच्या जोडीला सहा-सात जण असे धरा जे तिन्ही मशीनमध्ये जाऊन येतील. आमच्या वेळी रेसिडेंट आणि दोन टेक्निशियन तयार झाले. परळ, अंधेरी, वाशी अशी वारी, एका महिन्याच्या आत, कारण मेंदूला बदलायला वेळ द्यायचा नाही. प्रत्येक फेरीनंतर मिसळ माझ्याकडून. कुठलंही मशीन अपग्रेड झालं की त्यांना पुन्हा बोलवायचं.

हललेले स्कॅन फेकू नका. पार्किन्सनचा पेशंट हलणारच, आणि जो जास्त आजारी तो जास्त हलतो. हललेल्या स्कॅनमध्ये कॉर्टेक्स खोटं पातळ दिसतं. तुम्ही असे सगळे काढून टाकलेत तर सर्वांत आजारी माणसंच अभ्यासातून गेली. ठेवा, आणि प्रत्येकासमोर किती हलला याचा आकडा लिहा. वापरायचा की नाही हे वाचणारा ठरवेल.

इतका खटाटोप कशाला, असं तुमचे विभागप्रमुख विचारतीलच. त्यांना दोन गोष्टी सांगा. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये ५०,००० च्या आसपास माणसांच्या स्कॅनवरचा अभ्यास आला. मेंदूची रचना आणि माणसामाणसांतल्या वागण्या-बुद्धीतले फरक यांचा संबंध विश्वासानं सांगायचा तर हजारो माणसं लागतात, असं त्यात निघालं. आणि या क्षेत्रातला नेहमीचा अभ्यास मात्र २५ च्या आसपास माणसांचा. पेशंट आणि निरोगी यांतला ढोबळ फरक कमी माणसांतही दिसतो, हे खरं, पण एकट्या हॉस्पिटलच्या आवाक्यातल्या गोष्टी थोड्याच. दुसरी गोष्ट, ज्या सरासरी मेंदूवर आपण आपले स्कॅन बसवतो तो मॉन्ट्रियलमधल्या १५२ तरुणांचा आहे. त्याआधीचा प्रसिद्ध नकाशा, १९८८ चा, एका साठीतल्या फ्रेंच बाईच्या मेंदूवरून काढलेला. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी भारतीय मेंदूंचे वयोगटानुसार नमुने तयार केले, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ‘स्वदेश’ नावाचा डेटाबेस हाती घेतला गेला. आपल्या शहरातल्या क्युअर डॉट एआय कंपनीनं २०१८ मध्ये डोक्याचे ४९१ सीटी स्कॅन, प्रत्येकावर तीन रेडिओलॉजिस्टचं मत नोंदवून, सर्वांसाठी खुले केले. वाट अगदीच अनोळखी नाही.

‘आमचा डेटा दुसऱ्यांनी का छापावा?’ हा प्रश्न मात्र नक्की येईल, आणि तो वाजवी आहे. २००० च्या सुमारास अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये फंक्शनल स्कॅन साठवून इतरांना देणारं पहिलं मोठं केंद्र निघालं आणि एका जर्नलनं लेख छापायचा तर डेटा तिथे द्यायची सक्ती केली. संशोधकांनी जोरदार विरोध केला. पुढे निधी आटला आणि ते केंद्र थांबलं. डिसेंबर २००९ मध्ये उलट घडलं. ३५ केंद्रांनी आपण होऊन १,४१४ माणसांचे विश्रांतीतले स्कॅन एकत्र खुले केले. पुढाकार घेणाऱ्यांत भरत बिस्वाल होते, ज्यांनी १९९५ मध्ये स्वस्थ पडलेल्या मेंदूतही हालचालीचे भाग एकमेकांशी ताल धरून असतात, हे दाखवलं होतं. त्या संग्रहातल्या ४९९ निरोगी माणसांचे स्कॅन घेऊन २०१६ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नेहमीची सॉफ्टवेअर तपासली. नसलेलं काही सापडल्याचं सांगण्याची चूक पाच टक्के अपेक्षित असताना काही पद्धतींत ती ७० टक्क्यांपर्यंत जात होती. ते स्कॅन देणाऱ्यांच्या मनात असं काही असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या तिघांमध्ये अजून तितका विश्वास नसेल तर एनिग्मासारखं सुरू करा. २००९ पासून चालू असलेल्या या गटात प्रत्येक केंद्र स्कॅन आपल्याकडेच ठेवतं, सगळे तोच प्रोग्रॅम चालवतात आणि फक्त निकालाचे आकडे पाठवतात. मुंबईतल्या हॉस्पिटलांना हे पटकन पटतं, कारण इमारतीबाहेर चित्र जात नाही आणि डीनची सही लवकर मिळते. वर्षभर असं काम केलं की प्रत्यक्ष स्कॅन एकत्र करायची बोलणी सोपी होतात. लेखावर कोणाचं नाव, पहिली दोन वर्षं वापराचा पहिला हक्क कोणाचा, हे दोन पानी कागदावर आत्ताच लिहून घ्या. निकाल आल्यावर नको.

बाहेरच्यांना देताना सगळं एकाच दारातून देऊ नका. नाव-चेहरा काढलेले स्कॅन, लिंग आणि पाच वर्षांच्या टप्प्यात वय, हे अर्ज करणाऱ्या कुठल्याही संशोधकाला. समाज, पिनकोड, दुर्मीळ निदान हे वेगळ्या अर्जावर, करार करून. मुंबईत ‘पारशी, ९१ वर्षं, दादर, अमुक दुर्मीळ आजार’ एवढं लिहिलं की नावाची गरजच उरत नाही. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या अमेरिकेच्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पातही नेमकं वय आणि कुटुंबातली नाती अशीच आतल्या दाराआड आहेत.

आणि तो माणूस. तुमच्या प्रस्तावात जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, आहे, तीन वर्षांसाठी. ती हुशार असेल, सगळं तिच्या डोक्यात असेल, आणि तिसऱ्या वर्षी ती पीएचडीला परदेशी जाईल. मग मंडळी तिला व्हॉट्सअॅपवर विचारत बसतात, ‘अगं, ते फायनल टू नावाचं फोल्डर की फायनल न्यू?’ सर्व्हरचे पैसे वाचवून अर्धवेळ का होईना, डेटा मॅनेजरचं पद मागा, संशोधनाचे पेपर न मागता. एखादा चोख टेक्निशियनही चालेल. मला तर तोच आवडेल.

सुरुवात पहिल्या दहा स्कॅनपासून करा. ते इथे सांगितल्याप्रमाणे मांडा आणि ते फोल्डर दुसऱ्या हॉस्पिटलातल्या अशा रेसिडेंटला द्या जिनं तुमचा प्रकल्प कधी पाहिला नाही. तिला सांगा, यातल्या प्रत्येकाचं वय, शिक्षण, हात, मशीन आणि उजवी बाजू शोधून काढ, आणि अडलं की मला फोन कर. ती जितके फोन करेल तितके प्रश्न तारखेसह वहीत लिहून घ्या, आणि अकरावा स्कॅन घेण्याआधी त्या प्रत्येकासाठी एक रकाना वाढवा.